ऊन जमिनीवरचे औषध ‘खाते’ म्हणजे नेमके काय होते?

वर्धेकर | १४ जुलै, रात्री ९:१०

सर्वांना नमस्कार. यंदा माझ्या चार एकर सोयाबीनमध्ये जे घडले त्यावरून मनात एक प्रश्न घर करून बसला आहे आणि त्याचे नीट उत्तर मिळावे म्हणून हा धागा काढत आहे. २६ जूनला पेरणी झाली आणि दुसऱ्या दिवशी पेंडिमेथॅलिन (३० टक्के ईसी) हे उगवणपूर्व तणनाशक फवारले. त्यानंतर पावसाने दडी मारली. अकरा दिवस कडक ऊन होते, वरची माती भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटली होती. ८ तारखेला पाऊस आला आणि आठवडाभरात केना आणि गवत सोयाबीनच्या बरोबरीने वर आले. आता निंदणाला मजूर मिळत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

कृषी सेवा केंद्रात विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, “उन्हाने औषध खाल्ले.” हे वाक्य मी वडिलांच्या तोंडूनही ऐकलेले आहे. पण ऊन औषध खाते म्हणजे काय करते? ते वाफ होऊन उडते, की उन्हाने त्याचे तुकडे होतात? तुकडे होत असतील तर जमिनीत किती खोलपर्यंत होतात? आणि उन्हात इतकी ताकद असेल तर जुन्या बंदी घातलेल्या औषधांचे अंश वर्षानुवर्षे मातीत कसे सापडतात? फवारताना हात आणि नोझल पिवळेजर्द झाले होते. दोन दिवस साबणाने धुऊनही तो रंग गेला नाही, मग मातीवरून ते अकरा दिवसांत कसे गेले, हे मला उलगडत नाही.

मातीवाला | १५ जुलै, सकाळी ७:३५

वर्धेकर, तुमच्या हाताला लागलेल्या पिवळ्या रंगापासूनच सुरुवात करू, कारण निम्मे उत्तर त्या रंगात आहे. मी तीस वर्षे मृदारसायन शिकवले आणि हा विषय वर्गात काढताना दर वेळी पेंडिमेथॅलिनची बाटलीच समोर ठेवत असे.

एखादा पदार्थ पिवळा दिसतो याचा अर्थ तो सूर्यप्रकाशातला निळा-जांभळा भाग स्वतःकडे ओढून घेतो आणि उरलेला परत पाठवतो. प्रकाशाने एखाद्या रेणूत बदल व्हायचा असेल तर त्या रेणूने आधी तो प्रकाश शोषला पाहिजे. ग्रोटहुस आणि ड्रेपर यांनी एकोणिसाव्या शतकात मांडलेला हा नियम साधा आहे, पण त्यावाचून पुढचे काहीच समजत नाही. ओझोनच्या थरामुळे सुमारे २९० नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीचे किरण जमिनीपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाहीत. म्हणजे रेणूला २९० च्या वरचा प्रकाश शोषता आला तरच त्याच्यावर उन्हाचा थेट परिणाम होणार. पेंडिमेथॅलिन, ट्रायफ्लुरॅलिन ही डायनायट्रोअ‍ॅनिलिन कुळातली औषधे हा प्रकाश उत्तम शोषतात. डीडीटीचा रेणू तो जवळजवळ शोषतच नाही, एंडोसल्फानचेही तेच. ती औषधे महिनोन्महिने उघड्या उन्हात पडून राहिली तरी सूर्याला त्यांच्याशी थेट काही देणेघेणे नसते. जुन्या अंशांबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे झाले.

उरलेले अर्धे उत्तर खोलीत आहे. माती पारदर्शक नाही. नेवाडा विद्यापीठातल्या हेबर्ट आणि मिलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या कामात हे प्रत्यक्ष मोजले. फ्लुमेट्रॅलिन या औषधाचे थेट प्रकाशविघटन त्यांना मातीच्या वरच्या अवघ्या ०.२ ते ०.३ मिलिमीटरमध्येच होताना आढळले. हे फ्लुमेट्रॅलिन तुमच्या पेंडिमेथॅलिनच्याच कुळातले आहे. पोस्टकार्डाचा कागद साधारण तेवढ्याच जाडीचा असतो. त्याच्या खाली गेलेल्या औषधापुरती भर दुपारीसुद्धा अमावास्याच असते.

मात्र प्रकाशाचा हात याहून थोडा लांब पोहोचतो, तो अप्रत्यक्षपणे. मातीतला ह्यूमस (कुजलेला सेंद्रिय भाग), लोहाची आणि टायटॅनियमची ऑक्साइडे प्रकाश शोषतात आणि ती ऊर्जा हवेतल्या ऑक्सिजनला देतात. त्यातून ‘सिंग्लेट ऑक्सिजन’ नावाचे ऑक्सिजनचे उत्तेजित रूप तयार होते. हवेत ते काही क्षण टिकते आणि मातीच्या पोकळ्यांतून वाट काढत अंधारातल्या रेणूपर्यंत जाऊन त्याचे ऑक्सिडीकरण करते. डायसल्फोटॉन या औषधाच्या बाबतीत हा परिणाम ०.७ मिलिमीटरच्याही खाली दिसला. तेवढ्या खोलीवर प्रकाश नव्हता, पण प्रकाशाने घडवलेला पदार्थ होता. माझ्या मते या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच आहे.

आता तुमच्या शेताकडे येतो. तिथे तीन गोष्टी एकाच वेळी घडल्या असाव्यात आणि दुकानदाराने त्या तिन्हींना मिळून “ऊन” म्हटले. काही औषध वाफेने उडाले, कारण या कुळातली औषधे बऱ्यापैकी बाष्पनशील असतात. काही वरच्या पापुद्र्यात प्रकाशाने तुटले. आणि बरेचसे, मला वाटते बहुतेक, जागच्या जागी निष्क्रिय पडून राहिले. पेंडिमेथॅलिन पाण्यात अतिशय कमी विरघळते, लिटरला सुमारे ०.३ मिलिग्रॅम, आणि मातीच्या कणांना घट्ट धरून बसते. ओल नसेल तर ते कोंब फुटणाऱ्या बियाण्यापर्यंत पोहोचतच नाही. तिसरे कारण मी सर्वांत मोठे मानतो. पण हा माझा अंदाज आहे आणि तो तपासून पाहता येईल.

गोदाकाठ | १५ जुलै, दुपारी १:०५

मातीवाला सरांचा प्रतिसाद वाचला. एक शंका आहे. आमच्याकडे उन्हाळी नांगरट करून जमीन तापू देतात आणि त्याने कीड, कोष, बुरशी मरतात असा अनुभव आहे. तिथे तर ऊन नांगराच्या तासाइतके खोल काम करते. मग औषधाच्या बाबतीतच ते पोस्टकार्डाच्या जाडीवर का अडते?

मातीवाला | १५ जुलै, सायंकाळी ६:२०

फार योग्य शंका आहे. नांगरटीत काम करते ती उष्णता आणि कोरडेपणा, शिवाय कोष उघडे पडून पक्ष्यांच्या तोंडी जातात. उष्णता एका कणाकडून दुसऱ्या कणाकडे सरकत खाली जाते. प्रकाशाला तसे सरकता येत नाही, पहिल्या काही कणांतच तो संपतो. इस्राएलमध्ये काटान आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली पारदर्शक पॉलिथिन अंथरून माती निर्जंतुक करण्याची जी पद्धत मांडली, तीही उष्णतेचीच आहे. ‘ऊन’ या एका शब्दात आपण ताप आणि उजेड दोन्ही घालतो, त्यामुळे हा घोटाळा होतो. प्रयोगशाळेत म्हणूनच सूर्यासारखा प्रकाश देणाऱ्या झेनॉन दिव्याखाली मातीचा पातळ थर ठेवताना, अगदी तशाच दुसऱ्या थराला त्याच तापमानावर अंधारात ठेवतात. दोन्हींतला फरक तेवढा प्रकाशाचा. अंधारातला नमुना नसेल तर उजेडातल्या आकड्याला काही अर्थ नाही.

आडा नदीकाठी | १६ जुलै, पहाटे २:४८

मी गेली नऊ वर्षे इटलीत मिलानजवळ राहतो. हा धागा वाचून लिहिल्याशिवाय राहवले नाही, कारण माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर सेवेसो आहे.

१० जुलै १९७६, शनिवार, दुपारची वेळ. शेजारच्या मेदा गावातल्या इक्मेसा कारखान्यात ट्रायक्लोरोफेनॉल हे रसायन तयार करणाऱ्या भट्टीतला दाब वाढून सुरक्षा झडप फुटली आणि डायऑक्सिनचा, म्हणजे टीसीडीडीचा, ढग सेवेसोवर उतरला. पाने करपली, कोंबड्या आणि ससे मेले, मुलांच्या चेहऱ्यांवर क्लोरॅक्नेचे फोड आले आणि अखेर कुटुंबांना घरे सोडावी लागली. त्या वेळी शास्त्रज्ञांपुढे हाच प्रश्न होता: सूर्य हे विष संपवील का?

आशेला जागा होती. कॅलिफोर्नियातल्या क्रॉस्बी आणि वाँग यांनी त्याच सुमारास, १९७७ साली, दाखवले की तणनाशकाच्या थरात मिसळलेले टीसीडीडी पानांवर उन्हात ठेवले तर त्याचा बराचसा भाग एका दिवसात नाहीसा होतो. मात्र त्यासाठी प्रकाश हवा, विष त्या प्रकाशात उघडे हवे आणि हायड्रोजन देऊ शकेल असा तेलकट सेंद्रिय पदार्थ त्याच्याभोवती हवा. हायड्रोजन आला की क्लोरीन एकेक करून गळतो. मातीवर हीच क्रिया खूप मंदावली, कारण कणांची सावली आड आली.

यावरूनच सेवेसोच्या गवतावर ऑलिव्ह तेलाचे पाण्यातले मिश्रण फवारण्याचे प्रयोग झाले. विषाला हायड्रोजन मिळावा आणि उन्हाने आपले काम करावे, एवढाच त्यामागचा विचार होता. स्वयंपाकघरातले तेल डायऑक्सिनवर फवारायचे, हे मला अजूनही थक्क करते. गवतावर परिणाम चांगला दिसला. पण मातीत मुरलेल्या अंशाला त्या तेलाचा उपयोग नव्हता, कारण तिथे प्रकाशच नव्हता. पृष्ठभागाजवळच्या मातीत टीसीडीडीचे अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मे व्हायला लागणारा काळ, ९ ते १५ वर्षे आणि खोल मातीत २५ ते १०० वर्षे असे अंदाज पुढे मांडले गेले. शेवटी सर्वाधिक दूषित भागातली वरची माती खरवडून दोन प्रचंड बंदिस्त हौदांत पुरावी लागली.

त्या जागेवर आज ओकच्या झाडांचे उद्यान आहे, बोस्को देल्ले क्वेर्चे. गेल्या मे महिन्यात मी मुलीला घेऊन तिथे गेलो होतो. हौदांवर आता गवताच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्या उतारावर मुले घसरगुंडी खेळत होती. मुलीने विचारले की इथे खाली काय आहे. मी तिला सांगितले की ज्या मातीपर्यंत ऊन पोहोचू शकले नाही, ती माती आहे.

केतकी_रसायन | १६ जुलै, सकाळी ११:१५

मी कीटकनाशकांच्या अवशेषांवर पीएच.डी. करते आहे. वरच्या प्रतिसादांत एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती महत्त्वाची आहे असे मला वाटते. रेणू तुटला म्हणजे विष संपले, असे गृहीत धरता येत नाही.

पॅराथिऑन हे कीटकनाशक याचे जुने आणि दुःखद उदाहरण आहे. कॅलिफोर्नियातल्या संत्री-लिंबांच्या बागांत फवारणीनंतर बरेच दिवस लोटल्यावर तोडणीला आलेल्या मजुरांना विषबाधा होत असे. पॅराथिऑन तर कमी झालेले असे, मग ही बाधा कशाची? कोरड्या धुळीवर बसलेल्या पॅराथिऑनचे हवेतल्या ओझोनसारख्या ऑक्सिडीकारकांमुळे पॅराऑक्सॉन बनत होते आणि पॅराऑक्सॉन मूळ औषधापेक्षा कितीतरी अधिक विषारी असते. ते ऑक्सिडीकारक शहरी धुरक्यात सूर्यप्रकाशामुळेच तयार होतात. पाने आणि जमीन यांवरची ती धूळ मजुरांच्या अंगावर उडत असे. पाऊस नसलेल्या, धुळीच्या प्रदेशात हा धोका जास्त, हे आपल्याकडच्या कोरडवाहू पट्ट्याने ध्यानात घ्यावे असे मला मनापासून वाटते. डिल्ड्रिन या कीटकनाशकाचेही तसेच झाले. उन्हात त्याचे फोटोडिल्ड्रिन बनते आणि ते अनेक प्राण्यांना मूळ डिल्ड्रिनहून अधिक विषारी ठरले.

म्हणून “औषध उन्हाने गेले” हे वाक्य ऐकले की माझा पहिला प्रश्न असतो, ते कशात गेले? मूळ रेणू किती उरला एवढे मोजून काम संपत नाही, त्याचे पुढे काय झाले तेही शोधावे लागते. हे काम वेळखाऊ आहे आणि खर्चिकही, पण ते टाळून चालणार नाही.

वर्धेकर | १६ जुलै, रात्री १०:००

सर्वांचे आभार. सेवेसोबद्दल वाचून रात्रभर झोप नीट लागली नाही. सर, एक राहिलेच. ओलावा असेल तर प्रकाशाचे काम वाढते की कमी होते? आमच्याकडे म्हणतात, वापशावर, म्हणजे माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशा ओलीवर, फवारा. ते तणनाशक लागू पडावे म्हणून म्हणतात हे कळले, पण प्रकाशाच्या दृष्टीने तो फायदा की तोटा?

मातीवाला | १७ जुलै, सकाळी ७:५०

अनेक औषधांच्या बाबतीत ओल्या मातीवर प्रकाशविघटन अधिक वेगाने होते असे आढळले आहे. कंदिलाची वात जसे तेल वर ओढते तशी उन्हात सुकणारी माती खालचे पाणी वर ओढते आणि त्या पाण्याबरोबर विरघळलेले औषधही त्या पोस्टकार्डाएवढ्या थरात पुन्हा येत राहते. माती वाळली की वात तुटते. वरचे संपते, खालचे खालीच राहते. शिवाय ओलीत सूक्ष्मजीवही जागे असतात, त्यामुळे प्रकाशाचा वाटा किती आणि जिवाणूंचा किती हे वेगळे काढणे कठीण जाते. पेंडिमेथॅलिन पाण्यात इतके कमी विरघळते की त्याच्यापुरता या वातीचा परिणाम थोडा असावा. तुमच्या बाबतीत ओलाव्याने होणारा फायदा तोट्यापेक्षा खूप मोठा आहे, तेव्हा वापशाचा नियम सोडू नका.

मातीमुळे किती फरक पडतो याचे एक उदाहरण देतो. कपाशीवर तुम्ही सगळेच वापरता ते कीटकनाशक इमिडाक्लोप्रिड स्वच्छ पाण्यात उन्हात ठेवले तर काही तासांत निम्मे होते. तेच मातीच्या पृष्ठभागावर प्रकाशाने निम्मे व्हायला सुमारे ३९ दिवस लागतात. रेणू तोच, सूर्य तोच. मध्ये माती आली एवढाच फरक. ती सावली देते, रेणूला धरून ठेवते आणि प्रकाशातला वाटा आधी स्वतः घेते. ह्यूमसचे तर दुहेरी वागणे आहे: एका हाताने तो प्रकाश अडवतो आणि दुसऱ्या हाताने सिंग्लेट ऑक्सिजन तयार करतो. कोकणातल्या लाल जांभ्या मातीतले लोहही असेच दोन्हीकडे असते. त्यामुळे एका जमिनीवरचा आकडा उचलून दुसऱ्या जमिनीला लावू नये.

तुम्हाला खरोखरच तपासायचे असेल तर घरच्या घरी एक परीक्षा करता येईल. ज्वारीचा कोंब पेंडिमेथॅलिनला फार नाजूक असतो, त्याची मुळी टोकाला सुजून गदेसारखी होते. त्यालाच साक्षीदार करा. मात्र अंधारातला नमुना ठेवायला विसरू नका आणि हातमोजे वापरा.

वर्धेकर | २६ ऑक्टोबर, रात्री ८:४०

धागा वर आणतो आहे, कारण परीक्षा केली. सोयाबीन काढल्यावर कडक ऊन मिळाले. चाळलेली काळी माती तीन पसरट ट्रेमध्ये घेतली. त्यांपैकी दोन ट्रेवर शेतातल्याच मात्रेने पेंडिमेथॅलिन फवारले, तिसरा कोरा ठेवला. फवारलेल्यांपैकी एक गच्चीवर उघड्या उन्हात आणि दुसरा त्याच्या शेजारीच, पण चार बोटे वर बांधलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याच्या सावलीत, चारी बाजू मोकळ्या ठेवून ठेवला. म्हणजे हवा दोघांना सारखी, वाफेने उडायची मुभा दोघांना सारखी. पाणी कोणालाच दिले नाही. दव पडू नये म्हणून रात्री तिन्ही आत घेत होतो.

अकरा दिवसांनी प्रत्येक ट्रेमधला वरचा बोटभर थर खरवडून वेगवेगळ्या कपांत घातला, ज्वारी पेरली आणि पाणी दिले. आठव्या दिवशी रोपे धुऊन वर्तमानपत्रावर मांडली. कोऱ्या मातीतली मुळे वीतभर, पांढरी आणि केसाळ. सावलीतल्या मातीतली जेमतेम पेरभर, टोके सुजून हरभऱ्याच्या घाट्यासारखी फुगलेली. उन्हातल्या मातीतली? तीही तशीच फुगलेली, फार तर एखाद्या दाण्याएवढी जास्त लांब. मी बायकोला न सांगता दोन्ही ओळी दाखवल्या आणि उन्हातली कोणती हे ओळखायला सांगितले. तिला ओळखता आली नाही.

म्हणजे अकरा दिवसांच्या कोरड्या उन्हानंतरही तण रोखण्याइतके औषध मातीवर शिल्लक होते. ते उन्हाने खाल्लेले नव्हते. मग शेतात तण का आले, हे मी स्वतःशीच विचार करून लिहितो, सरांनी चूक असल्यास दुरुस्त करावे. वरची माती कोरडी असली तरी खाली पेरणीची ओल होती. त्या ओलीवर तणाचे बी फुटले आणि औषध पाण्यावाचून वर पडून असतानाच कोंब त्यातून निघून गेले. पाऊस येऊन औषध जागे झाले तोवर तण त्याच्या माराच्या पलीकडे गेले होते.

मातीवाला | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

वर्धेकर, दुरुस्त करण्यासारखे फार थोडे आहे. उगवलेल्या तणावर पेंडिमेथॅलिनचा उपयोग नसतो, त्यामुळे तुमचा शेवटचा परिच्छेद मला पटतो. केन्यावर ते मुळातच कमी चालते, तेवढे मात्र हिशेबातून वगळा. बायकोला न सांगता ओळखायला लावलेत हे फारच चांगले केलेत. मोठमोठ्या प्रयोगांत ही काळजी घ्यायची राहून जाते.

दोन उणिवा सांगतो. बोटभर थर खरवडल्यामुळे वरच्या पापुद्र्यातली घट खालच्या मातीत मिसळून झाकली गेली असणार. पुढच्या वेळी सुरीच्या पात्याने फक्त वरची धूळ घ्या, तिथे उन्हाचा वाटा अधिक स्पष्ट दिसेल. दुसरे म्हणजे ज्वारीची मुळी “खूप आहे” आणि “थोडे कमी आहे” यांत फारसा भेद करत नाही. निम्म्या आणि पाव मात्रेचे दोन कप सोबत ठेवलेत तर तुलनेला माप मिळेल.

वर्धेकर | २७ ऑक्टोबर, रात्री ९:०५

होय सर. उद्यापासून पुन्हा लावतो. या वेळी निम्म्या आणि पाव मात्रेचे कपही ठेवीन आणि एक ट्रे ओला ठेवीन. दररोज किती पाणी घालावे तेवढे सांगा.

मातीवाला | २७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

पहिल्या दिवशी माती वापशावर आणून ट्रेचे वजन करा. नंतर रोज सकाळी वजन करून जितके घटले असेल तितकेच पाणी बारीक तुषारांनी वरून द्या. सावलीतला ट्रेही तसाच ओला ठेवा, नाहीतर तुलना लंगडी पडेल.